गालातला वारा

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. परवा नात मला श्वास घ्यायला शिकवत होती. योगाचा वर्ग लावलाय तिनं. डोळे मिटून म्हणते, "आजी, सावकाश सोड." मी सोडत राहिले. तिचे तीन श्वास झाले तरी माझा एकच चालू. पोरगी डोळे उघडून बघतच राहिली. म्हटलं, बाई, मी मानवतच्या सोनाराची लेक आहे.

दम्याची पोर, धुराजवळ नको, असं आई म्हणायची. पावसाळ्यात माझी छाती वाजायला लागली की शेजारणी हळहळायच्या. तुम्ही हळहळला नाहीत. पाण्याचं वाडगं समोर ठेवलंत आणि दिव्याची ज्योत दागिन्यावर वळवायची ती पितळी फुंकणी हातात दिलीत. बुडबुडे थांबता कामा नयेत, एवढंच सांगितलंत. मी फुंकते, धाप लागते, बुडबुडे थांबतात, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "गाल काय शोभेला हायती? गालातला वारा सोड, तवर नाकानं घे. घाई कुणाला हाय?" एकदा मी फुंकणीतूनच श्वास ओढला आणि नाकातोंडात पाणी गेलं. "ज्योत असती तर जीभ भाजली असती!" म्हणून ओरडलात, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे दोन पावसाळे गेले. दमा गेला नाही, पण धाप लागली की मी घाबरेनाशी झाले, आणि घाबरले नाही की धापही लवकर ओसरायची.

मग ती सकाळ. दाढेनं तुमचा गाल टम्म सुजलेला, ओठांत फुंकणी धरवेना. बोरी गावचे एक शेतकरी दारात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचं लग्न, आणि मंगळसूत्राच्या वाट्यांना कड्या जोडायच्या राहिलेल्या. ज्योत अडखळली तर सांधा कच्चा, रेंगाळली तर वाटीचा गोळा. मी म्हणाले, "आबा, मी बसू?"

"सोनारबुवा, ही तर दम्याची हाय म्हनं," शेतकरी गडबडले. "सोनं बिघडलं तर उद्या पोरीच्या गळ्यात काय बांधायचं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग फुंकणी पुढं सरकवलीत. "बस."

मी बसते. गाल भरते, नाकानं घेते, पोट फुगतं. ज्योत सुईसारखी सरळ होते. छातीत शिट्टी वाजतेय, वाजू दे. डाग धरायला लावलेला टाकणखार फुलतो, सांधा चकाकतो, धरतो. मग दुसरी वाटी. शेतकऱ्यांनी कडी ओढून बघितली, पुन्हा ओढली, आणि हसले. "लय मजबूत हाय की!" तुम्ही सुजल्या तोंडानं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालात, "माझ्या लेकीचं काम हाय ते." आबा, त्या दिवशी मी जिंकले! त्यानंतर मला तुमच्या कामाच्या शेगडीपासून कुणी उठवलं नाही. रझाकारांच्या दिवसांत दारं लावून बसलो तेव्हा, तिन्ही बाळंतपणांत, हे गेले तेव्हासुद्धा, मी तोच वारा गालात धरला आणि सावकाश सोडला.

हे पत्र कुठं टाकणार? उशाखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय. त्या सकाळी ठणका थांबून फुंकणी धरता यावी म्हणून तुम्ही दाढेखाली ठेवायला लवंग मागितली होती, आणि मी संपली म्हणाले. डबी भरलेली होती, आबा.