चार वाजताचं वाचन

१२ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुझं वजन वाढलंय हे वाचून आईला आनंद झाला. बाबांचं मात्र निम्मं शरीर उरलंय. उजवा हात आणि पाय गेला तो गेलाच. बोलणं जड झालंय, पण सावकाश ऐकलं तर कळतं. डॉक्टर म्हणतात, पुन्हा असा झटका आला तर वाचाही जाईल, तेव्हा त्यांना जपा. जपतोच आहोत. आई रात्रीची बाजू सांभाळते, मी दिवसाची, आणि आत्या सल्ल्याची.

बाबांचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी हलवलाय. दिवसभर गिरणीच्या धुराड्याकडे बघत पडून असतात. वेळ जावा म्हणून आईनं शेजारणीच्या ओळखीनं एक बाई बोलावल्यात. त्या आजाऱ्यांच्या उशाशी बसून येशूची वचनं वाचतात. पैसे घेत नाहीत, चहाही घेत नाहीत. चारला येतात आणि साडेचारच्या ठोक्याला पुस्तक मिटतात. आम्ही त्यांना वाचनबाईच म्हणतो.

आपलं घर देवधर्माच्या वाटेला फारसं गेलेलं नाही, त्यामुळे इथे रोज गंमत असते. उद्याची चिंता करू नका, पाखरं कुठे पेरतात का, असं वाचलं तेव्हा आई हसली. म्हणाली, पाखरांना दिवसातून तीनदा चादर बदलावी लागत नाही. पण त्या दिवसापासून ती चारच्या आत हातपाय धुऊन बसते. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, यावर आत्याचं मत असं, की हे सांगणाऱ्याला भावजय नसणार. खालचा शिंपी जिन्यात बसून ऐकायचा. बापानं उधळ्या पोराला घरात घेतलं आणि थोरला रुसून बाहेर उभा राहिला, ती गोष्ट झाली, तेव्हा तो वर येऊन विचारून गेला, की पुढे थोरला घरात गेला की नाही. बाई म्हणाल्या, ते लिहिलेलं नाही. तेव्हापासून शिंपी जिन्यात बसत नाही. त्याचं आणि त्याच्या भावाचं तुला ठाऊकच आहे.

मला विचारशील तर माझ्या कानात काही शिरत नाही. तेवढा अर्धा तास पाठ टेकायला मिळते, एवढं खरं.

नवल बाबांचं आहे. पहिले काही दिवस बाई आल्या की भिंतीकडे तोंड फिरवायचे. आता रोज एकच भाग पुन्हा वाचायला लावतात. देवाला काही अर्पण करायला निघालास आणि वाटेत आठवलं, की कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर ते तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. साधारण असं आहे ते. चौदा वेळा तरी वाचून झालं असेल. बाई कंटाळत नाहीत, आत्या कंटाळते.

तब्येतीला जप. खाण्याच्या बाबतीत हात आखडलास तरी पत्रांच्या बाबतीत आखडू नकोस. लोभ असावा.

तुझी ताई


१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलोही आणि चक्रावलोही. बाबा आणि वचनं? ज्या माणसानं आयुष्यात गिरणीचं नियमपुस्तक सोडून दुसरं काही वाचलं नाही, तो येशूला चौदा वेळा ऐकतो म्हणजे कमाल आहे. आत्याला माझा नमस्कार सांग आणि दुसरा गाल जपून ठेवायला सांग.

माझी एक बातमी आहे. इथल्या गिरणीत मला सुरक्षेचा मुख्य नेमलंय. नव्यांना मीच शिकवतो. पहिल्या दिवशी आपल्या गिरणीतल्या हौदवाल्याचीच गोष्ट सांगतो. कागदाच्या लगद्याच्या हौदात साफसफाईला उतरायचं तर आधी स्विचशेजारच्या खुंटीवर आपला पितळी बिल्ला अडकवायचा. बिल्ला दिसला की स्विचवाल्यानं कळ दाबायची नाही, आणि तो बिल्ला ज्याचा त्यानंच काढायचा. हौदवाला बिल्ला शर्टाच्या खिशात विसरून आत उतरला, आणि तळातली पाती फिरली. स्विचवर माझेच वडील होते, हे मी सांगत नाही. तेव्हा दोन दिवस बाबा जेवले नव्हते, आठवतं ना?

तर वाचन चालू द्या, पण माणूस जास्त हळवा होणार नाही एवढं बघ. आजारपणात असलं काही ऐकलं, की नाही नाही ते डोक्यात येतं.

आईला साष्टांग नमस्कार. माझ्यावर रागावायचं असेल तेव्हाही पत्रातूनच रागव, म्हणजे निदान पत्र येईल.

तुझा धाकटा


२७ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

हे पत्र एकट्यानं वाच.

सोमवारी वाचन झाल्यावर बाबांनी मला दार लावायला सांगितलं. अर्धा तास लागला त्यांना, तुकड्यातुकड्यानं सांगायला. मी तुला सरळ लिहिते.

हौदवाल्यानं बिल्ला अडकवला होता. पाळी सुटताना माणसं बिल्ले खुंटीवर विसरून घरी जायची आणि बाबा शिस्तीचे, ते रोज उरलेले बिल्ले गोळा करून खणात ठेवायचे. त्या दिवशीही तसाच एक काढला. हा गेला असेल घरी, म्हणून कळ दाबली. आवाज बदलला तेव्हा कळलं. मग धावपळ होण्याआधी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्यांनी तो बिल्ला त्याच्या टांगलेल्या शर्टाच्या खिशात टाकला. चौकशीत सांगितलं, खुंटी रिकामी होती. खिशात बिल्ला सापडला, चौकशी मिटली. पुढच्या वर्षी तू गिरणीत लागलास.

आणि धाकट्या, वाचनबाई म्हणजे त्या हौदवाल्याची बायको. आईला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यांना वाटलं, मुद्दाम आली. नंतर कळलं, की तिला बाबा कोण ते माहीतसुद्धा नाही. स्विचवर कोण होतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

बाबांना तिला सांगायचंय, वाचा आहे तोवर, स्वतःच्या तोंडानं. मला फक्त शेजारी उभी राहा म्हणालेत, शब्द अडला तर पुरा करायला. माझी छाती होत नाहीये. काय करू ते कळव, लगेच कळव. लोभ असावा.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं आणि जाळलं. तूही हे जाळ.

सांगायचं नाही. अकरा वर्षं झाली. त्या बाईनं आपलं मन कसंबसं बसवलंय, ते आता उसकटून तिला काय मिळणार? बाबांना वाटतं मन हलकं होईल. त्यांचं होईल, पण तिच्या डोक्यावर धोंडा बसेल. आईचा विचार केलास? उद्या ती रस्त्यानं कशी चालणार? मी नव्यांसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू, हे तर मी लिहीतही नाही.

त्या वचनांचंच म्हणत असशील तर मीही इथे एकाकडून पुस्तक आणून चाळलं. देव मनातलं सगळं जाणतो, असं त्यात पानोपानी आहे. मग त्याला ठाऊक आहे तेवढं पुरे. कुणाचा न्याय करू नका, असंही आहे. बाबांना तो भाग वाचून दाखवा म्हणावं.

मला पंधरा दिवसांत रजा मिळतेय. तोवर एवढंच कर. बाईंना दारातूनच सांग, की डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. मी आलो की बाबांशी बोलेन. माझी शपथ आहे तुला.

तुझा धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

तुझं ऐकलं. पाच तारखेला बाईंना दारातून परत पाठवलं. त्या काही न विचारता गेल्या, फक्त जिन्यात थांबून म्हणाल्या, की त्यांना बरं वाटलं की निरोप द्या. बाबांना मी सांगितलं, बाईंना ताप आहे.

रोज चारला ते दाराकडे बघत. साडेचारपर्यंत बघत. सहाव्या दिवशी विचारलं, ताप उतरला का? मी म्हटलं, उतरेल. सातव्या दिवशी सकाळी दूध पाजताना ते तोंडातून ओघळलं, आणि मी बघितलं तर डोळे माझ्यावर होते आणि तोंड वाकडं. झटका आला होता. वाचा गेली. आता घशातून एक आवाज येतो, त्याचा अर्थ कुणाला लागत नाही. कळतं मात्र सगळं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकू नीट येतं, समजतं.

तू हे वाचून सुटकेचा श्वास सोडशील, हे मला माहीत आहे. मीही सोडला होता, दहा मिनिटं. मग त्यांचं अंग पुसताना ध्यानात आलं, की त्यांनी एक माणूस हौदात कोंडला, आणि आपण दोघांनी मिळून त्यांना.

आई म्हणते, बाईंना पुन्हा बोलाव, त्यांच्या वाचण्यानं त्यांना बरं वाटायचं. मी हो म्हटलंय. लोभ असावा.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुझ्यावर मी ओझं टाकलं, हे कबूल आहे. पण ताई, शांतपणे विचार कर. आता सांगणारंच कुणी उरलं नाही. कदाचित देवाच्याही मनात हेच असेल. तू बाबांची वाचा नाहीस. जे त्यांचं होतं ते त्यांच्याबरोबर जाऊ दे.

रजा पुढे गेली. मार्चअखेर येतो. तोवर बोलू नकोस, एवढं तरी माझं राख.

तुझा धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

महिनाभर लिहिलं नाही. तू तीन पत्रं टाकलीस, तिन्ही मिळाली.

तुझं एकवीस तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी मी बाईंकडे गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. इस्त्रीचं काम करतात त्या, लोकांचे कपडे घेऊन. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर सांगितलं गेलं नसतं. आधी बिल्ला खुंटीवर होता हे सांगितलं, मग बाबांचं, खिशाचं, आणि शेवटी माझं, दारातून परत पाठवल्याचं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं ओरडतील, निदान रडतील.

त्यांनी मला विचारलं, नक्की अडकवला होता ना? मी म्हटलं, नक्की.

मग त्या सांगायला लागल्या. त्या दिवशी सकाळी डब्यावरून त्या नवऱ्याला फार टाकून बोलल्या होत्या. तो न जेवता, डबा न घेता गेला. संध्याकाळी गिरणीतून त्याचा शर्ट आला, आणि खिशात बिल्ला सापडल्याचा निरोप. माझं बोलणं डोक्यात घोळत होतं म्हणूनच तो बिल्ला विसरला, मीच त्याला आत ढकलला, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी धरलं ते धरलं. आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन वाचणं, ते त्याचंच प्रायश्चित्त. स्विचवर कोण होतं हे विचारलं नाही, कारण दोषी कोण ते त्यांना ठाऊकच होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "मग अकरा वर्षं मी कशाची क्षमा मागत होते?"

तू काय सांगितलं असतंस?

मी क्षमेचं काहीतरी पुटपुटले, त्यांच्याच वाचण्यातलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ते वाचून दाखवणं मला जमतं, बाकीचं अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला त्या आल्या. हातात पुस्तक नव्हतं. आईला आणि आत्याला बाहेर बसायला सांगितलं, मला राहू दिलं. खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ओढली आणि बाबांना म्हणाल्या, आज वाचणार नाही, आज तुम्ही ऐका. आणि शर्ट घरी आला त्या संध्याकाळपासून सुरुवात केली. कुणी आणून दिला, त्या वेळी त्या काय करत होत्या, तो धुवावा की न धुवावा हे त्यांना किती दिवस ठरवता आलं नाही. आवाज चढला नाही, शिवी नाही, शाप नाही. वाचायची तशाच सुरात. साडेचारला उठून गेल्या.

तेव्हापासून रोज येतात. जिथे थांबल्या तिथून पुढे सांगतात. बाबा डोळे मिटतात तेव्हा त्या गप्प बसून राहतात, आणि ते उघडले की पुढचं वाक्य सुरू करतात. बाबांना कूस वळवता येत नाही. उशी भिजते ती मी नंतर बदलते. मला हे सोसत नाही. एकदा मी त्यांना हात जोडले, पुरे म्हटलं. तेव्हा बाबांच्या घशातून तो आवाज आला आणि त्यांनी डाव्या हातानं बाईंच्या खुर्चीचा दांडा धरला, सोडीनात. थांबा म्हणत होते की जा, मला कळलं नाही. बाईंनी काय ते समजून घेतलं आणि पुढे सांगत राहिल्या.

आई बाहेर बसून असते. परवा म्हणाली, बाई हल्ली फार हळू वाचतात, पण यांना त्यांची सवय झालीय, चार वाजले की दाराकडे बघतात. मी मान डोलावली.

काल त्यांचं पहिलं वर्ष सांगून झालं. दहा उरलीत. बाबांचे दिवस किती उरलेत ते डॉक्टर सांगत नाहीत.

तू येणार आहेस तर ये, पण त्यांना थांबवायला येऊ नकोस. आलास तर चारच्या आत ये आणि माझ्या शेजारी उभा राहून ऐक. शपथ मोडली म्हणून रागावला असशील. लोभ असावा असं आजवर सवयीनं लिहीत आले, या वेळी विचारते, आहे का ते कळव.

तुझी ताई