शाई सरकारची, पेन्सिल आपली

६ जाने., मंगळवार
प्रशिक्षण संपलं एकदाचं. तीन तास ए.सी.त बसून पाय गारठले. आता सगळ्या खात्यांचं दप्तर एकाच ठिकाणी, संगणकात. घरवाटप, रेशन, वीज, पाणी, सगळे एकच कागद बघणार. एकाने नोंदवलं की सगळ्यांनी नोंदवलं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान. म्हणाली, "आन्टी, बहुत ईझी है." आन्टी मे महिन्यात निवृत्त होतेय, हे तिला कोण सांगणार.
परिपत्रकही आलं. स्कॅन करण्याआधी कागद साफ करायचे. टाचण्या काढा, दोरे काढा, पेन्सिलच्या खुणा खोडा. उद्यापासून.

८ जाने., गुरुवार
काल-आज फक्त खोडणं. चार खोडरबर संपले. टेबलावर एवढी घाण की शिपाई म्हणाला, बेन, शाळेत बसल्यासारखं वाटतंय.
पेन्सिल ही आमच्या शाखेची जुनी सवय. मेहताकाका (माझे पहिले हेडक्लार्क, गेले बिचारे) म्हणायचे, शाई सरकारची, पेन्सिल आपली. ज्याला पुरावा नाही, पण पुढच्या माणसाला कळायला हवं, ते समासात पेन्सिलीने लिहायचं. तपासणी आली की खोडायचं, तपासणी गेली की पुन्हा लिहायचं. कोणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं.
काल वाचून वाचून खोडत होते. "आजोबांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोला." "दोघी सवती, एका दिवशी बोलावू नये." "हा भाऊ म्हणतो, पण जावई आहे." हसले एकटीच. आज नुसतं खोडलं. हात दुखतोय.

१२ जाने., सोमवार
शेवटचे गठ्ठे स्कॅन झाले आणि टेम्पोत भरून सचिन गावातल्या गोदामात गेले. दोन महिन्यांनी लगदा.
आणि मी काय करत होते? पेन्सिलीला टोक काढून बसले होते! तपासणी झाली, आता पुन्हा लिहू, म्हणून. चिरागसाहेबांनी बघितलं. (आमचे नवे अधिकारी, वय तेहतीस, स्वभावाने बरे.) "बेन, आ शुं?" मी सांगितलं. ते आधी हसले, मग माझं तोंड बघून थांबले. "बेन, हवे कागळ पाछा नहीं आवे."
कागद परत येणार नाहीत. खरंच की. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बत्तीस वर्षं नोकरी केली आणि इतकं साधं…

१६ जाने., शुक्रवार
पतंगांच्या दोन सुट्ट्या संपल्या. मान आखडलीय, उंधियो अजून फ्रीजमध्ये.
खोटं कशाला लिहू, नवी सिस्टिम बरी आहे. आज एका म्हाताऱ्याचं पाण्याच्या जोडणीचं काम दहा मिनिटांत झालं. पूर्वी चार ऑफिसं आणि प्रत्येक ठिकाणी "कल आना". तो उठायलाच तयार नव्हता. त्याला वाटलं, इतक्यात झालं म्हणजे काहीतरी राहिलंय.

२७ जाने., मंगळवार
द्रौपदाबाई आल्या. परभणीकडच्या. गोडादऱ्यात खाडीच्या कडेला झोपडी. नवरा लूमवर होता, कधीच गेला. घरी बसून साड्यांचे धागे कापतात. खाडीवरच्या झोपड्या आता हटणार, त्यांना भेस्तानला फ्लॅट मिळणार. सगळ्या शेजाऱ्यांची नावं यादीत, यांचं नाही.
उघडून बघितलं. जुना सर्वेक्षणाचा फॉर्म. शाईने एक ओळ: "झोपडी बंद. कोणी राहत नाही." अक्षर माझं.
सगळं आठवलं. सर्वेक्षणाच्या दिवशी त्या नवऱ्याचे दिवस करायला गावी गेल्या होत्या. मी कुलूप बघितलं, "बंद" लिहिलं. आठ दिवसांनी पुन्हा त्या गल्लीत गेले तर बाई घरात, पोर मांडीवर, चूल पेटलेली. पण तोवर यादी सही होऊन वर गेली होती. मेहताकाका म्हणाले, "पेन्सिलथी लखी राखो, पछी जोईशुं." पुढे बघू, म्हणून लिहून ठेवलं. "पुन्हा गेले. बाई राहते. चूल चालू." त्या एका ओळीवर पुढचा प्रत्येक कारकून काम करत गेला. रेशन मिळालं, मीटर मिळालं.
आणि ती ओळ मीच खोडली. वाचली की न वाचता खोडली, तेही आठवत नाही.
आता सगळ्या खात्यांत एकच शब्द, "बंद". रेशनवालाही परवा म्हणाला, तुमचं घर बंद दाखवतंय.
"ताई, मी तर हितंच हाय की. बंद कशी?"
मी म्हटलं, बघते.

२९ जाने., गुरुवार
चिरागसाहेबांशी बोलले. सिस्टिममध्ये मी नवीन नोंद घालू शकते. पण नावानिशी, वेळेसकट. सगळ्या खात्यांना दिसणार, आणि एकदा घातली की खोडता येत नाही. हरकतींची मुदत ५ फेब्रु.
"लखो बेन, मी अडवणार नाही," म्हणाले. "पण पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, तेव्हा शाईने का नाही? दुसरा, खोडलं कोणी? आणि तुमचे पेन्शनचे कागद इथूनच जायचेत." धमकी नव्हती, काळजीनेच बोलत होते. त्यामुळे जास्त धास्ती वाटली.
द्रौ.बाईंकडे दुसरा पुरावा? तेव्हाच्या कागदांची पेटी पुरात गेली. मी पुन्हा जाऊन पाहिलं हे आम्हा दोघींना सोडून आता कोणाला सांगता येणार नाही, आणि त्यांचं कोण ऐकणार.

३१ जाने., शनिवार
सचिनला गोदामात गेले. परवानगी काढली, दोन रिक्षा बदलल्या. गठ्ठा सापडला, वॉर्डाप्रमाणे लावलेत ते बरं. फॉर्म मिळाला.
समास स्वच्छ. मी काम नीट करते, दुर्दैवाने.
दारापाशी नेऊन कागद आडवा धरला, तर उन्हात अक्षरांचे वळ दिसले. माझा हात जड. बाबा मास्तर, ते ओरडायचे, तुझं लिहिलेलं मागच्या पानावर उमटतं म्हणून. "बाई" दिसलं. "चूल" दिसलं. मोबाइलवर फोटो काढला, एकदा, दहादा. पांढरा कागद. वॉचमनला दाखवला. "कुछ भी तो नहीं है, मॅडम."
तिथेच रडू आलं. वॉचमनने खुर्ची दिली.

१ फेब्रु., रविवार
अरविंदला सगळं सांगितलं. नवरा बँकेतून निवृत्त, त्यामुळे सल्ला तयारच असतो. "चार महिने गप्प बस. परिपत्रक होतं, तू खोडलंस. तुझी चूक कुठे?" बरोबर आहे त्याचं. म्हणूनच भांडले.
संध्याकाळी पोंक, इथला हुरडा, घेऊन आला. लिंबू पिळून वाटी पुढे केली.
झोपताना म्हणाला, "चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, एवढंच सांगतो." एवढंच म्हणे.

३ फेब्रु., मंगळवार
अर्धी रजा टाकून गोडादऱ्याला. सांगायचं होतं, फोनवर नको वाटलं.
द्रौ.बाई दारात साड्यांचा ढीग घेऊन बसलेल्या. मी सगळं सांगितलं. कात्री थांबली नाही.
"तुमीच लिवलं व्हतं?"
"हो."
"अन् तुमीच खोडलं?"
"हो."
हातातली साडी पूर्ण केली. मग उठून चहा ठेवला. आता गॅस आहे. तेव्हा मांडीवर होती ती पोरगी उधन्याला सासरी. तिचा फोटो दाखवला.
मला वाटलं होतं शिव्या देतील. निघताना म्हणाल्या, "ताई, तुमचं बी पोट हाय. बघा काय जमतंय ते." यापेक्षा शिव्या बऱ्या.

५ फेब्रु., गुरुवार
सकाळपासून तीन मसुदे. पहिल्यात "पेन्सिल" हा शब्दच नव्हता. दुसऱ्यात "परिपत्रकानुसार" दोनदा. तिसरा असा:
"सर्वेक्षणानंतर आठ दिवसांनी मी स्वतः पुन्हा गेले. बाई राहत होती. चूल चालू होती. हे तेव्हा पेन्सिलीने लिहिलं. ते शाईने लिहायला हवं होतं. यंदा जानेवारीत मीच ते खोडलं."
ऑफिसच्या गुजरातीत लिहायचं होतं, लिहिलं. मराठीत इथे.
बटण दाबल्यावर प्रश्न आला, ही नोंद नंतर बदलता येणार नाही, पुढे जायचं? भीती वाटली, उगीच नाही म्हणत नाही. मे महिना दिसत होता समोर. त्या दिवशी टोक काढलेली पेन्सिल अजून पेनस्टँडमध्येच.
४.४० ला "हो" दाबलं.
चिरागसाहेबांनी त्यांच्या जागेवरून वाचलं असावं. उठून आले, म्हणाले, "ते गोदामातलं पान मागवतो, जपून ठेवू." चहा सांगितला. दोघांनीही प्यायला नाही.
अरविंदला घरी आल्यावर सांगितलं. तो टीव्ही बघत होता. आवाज कमी केला, एवढंच.

६ फेब्रु., शुक्रवार
नोंद कोणी बघितली ते दिसतं त्यात. घरवाटप, नाही. रेशन, बघितली. वीज, बघितली. सगळ्यात आधी बघितली ती दक्षतावाल्यांनी (कर्मचाऱ्यांची चौकशी लावणारे हेच), सकाळी १०.०५ ला. एरवी त्यांना पत्र पोचायला पंधरवडा लागतो. उत्तर कोणाचंच नाही.
दुपारी द्रौ.बाईंचा फोन.
"लिवलं का?"
"लिहिलं."
"पुन्यांदा कुनाला खोडता येतंय का ते?"
"नाही. मलासुद्धा नाही."
पलीकडे कात्री चालूच.
"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या.
यादी सोमवारी लागेल.