खोट्या पुडीचा भरवसा

म्यानयांग,
९ नोव्हेंबर

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. इकडे थंडी पडायला लागली. सूनबाईंनी मोहरीच्या पानांचं लोणचं इतकं घातलंय की गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. दाजींचा गुडघा कसा आहे? चहाघरात गिऱ्हाइकं टाकून जायची त्या वर्तमानपत्रांवर शिकलेलं माझं लिहिणं, तेव्हा चुका पोटात घाल.

सप्टेंबरपासून मी तुझे फोन घेतले नाहीत. ल्यांग तुला "बाबा झोपलेत" म्हणायचा. झोपलो नव्हतो. त्याच्यासमोर बसून हातानेच नको नको करत होतो.

माझ्या पोटाचं तुला ठाऊकच आहे. घराबाहेर पडायचं तर आधी संडास कुठे ते बघायचं. आपल्या जुन्या चिनी जडीबुटीच्या रुग्णालयात एक चाचणी निघाली. आतडी उगीचच चिडतात त्या आजाराला, आयबीएस म्हणतात त्याला, आपली औषधं खरंच लागू पडतात का हे पाहायचं. निम्म्यांना खरी पूड, निम्म्यांना तशीच काळी, तशीच कडू, पण खोटी. कोणाला कुठली, हे देणाऱ्यालाही माहीत नाही. मात्र आधी दुर्बीण घालून आतडं तपासायचं.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी ल्यांगला आत बोलावलं, मला बाहेरच बसवलं. तो हसत आला. "काही नाही बाबा, आतडं स्वच्छ आहे."

ताई, आपल्या बाबांचे थोडेच दिवस उरलेत हे कळल्यावर आपणही त्यांच्या खोलीत असेच हसत गेलो होतो. "पोट जरा नाजूक झालंय, बाकी काही नाही." सगळेच करतात, आपणही केलं. पण मग मी ल्यांगच्या हसण्यावर विश्वास कसा ठेवू?

आणि संध्याकाळी तुझा फोन. "देफू, आता वाटेल ते खा रे." जन्मभर तू मला मिरचीवरून बोललीस! बाबांनाही तू अगदी त्याच गोड आवाजात हेच सांगितलं होतंस. वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. पुढे सूनबाई मांसाचे मोठे तुकडे माझ्या वाडग्यात टाकायला लागल्या, मग मऊ सपाता आणल्या. त्या सपाता बघून मी मोरीत जाऊन रडलो.

मागच्या आठवड्यात औषध घ्यायला बोलावलं. रांगेत माझ्यापुढच्या बाई भांडत होत्या.

"म्हणजे दोन बस बदलून यायचं, आणि कोळसा खाऊन परत जायचं?"

पुड्या देणाऱ्या तांग डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कोळसा नाही हो मावशी. आणि तुमच्या या आजाराने कोणी दगावत नाही, म्हणून तर अशी चाचणी करता येते. ज्याच्या पोटात वाईट काही दिसलं, त्याला आम्ही घेतच नाही. त्याला खोटी पूड देणं म्हणजे जीव घेणं."

मी मध्येच तोंड घातलं. "बाई, मलाही खोटी मिळू शकते?"

"मिळू शकते, काका."

"नक्की ना?"

"अहो, सगळ्यांसारखीच."

मी असा हसलो की त्या भांडखोर मावशी म्हणाल्या, "याचं पोट नाही, डोकं तपासा!"

ल्यांग माझ्या मायेपोटी खोटं बोलेल, तूही बोलशील. पण त्या परक्या बाईला माझी माया कुठून? मरणाऱ्या माणसाच्या हातात कोणी खोटी पूड ठेवत नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

आता कळ कमी आहे. पूड खरी म्हणून, की भीती गेली म्हणून, ते मला सांगता येत नाही. तांगबाईंनाही येत नाही. त्यांनी विचारलं की मी एवढंच म्हणतो, "बरं वाटतंय."

डोकं ताळ्यावर आल्यावर तुला लगेच फोन करायला हवा होता. लाज वाटली. तू खरंच आनंदाने बोलली होतीस, आणि मी त्यात माझं मरण ऐकलं.

पण ताई, एक मागणं आहे. उद्या तुझं किंवा माझं खरोखर काही निघालं, तर एकमेकांना सरळ सांगायचं. बाबांना शेवटी कळलं होतं का, हे या दोन महिन्यांत मी फार वेळा विचारलं स्वतःला. कळलं असेल, तर आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते हसत राहिले, आणि सगळी भीती एकट्यानेच गिळली. तेवढं एकटं मला व्हायचं नाही, आणि तुला मी होऊ देणार नाही.

तुझा, खरोखरच काही न झालेला भाऊ,
देफू