जाळीबाहेरचं कुलूप

ता. ६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्या खुडबुड्याचा शि. सा. न.

तुझ्या पायाचं प्लॅस्टर अजून तीन आठवडे राहणार हे वाचून वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. घरात अडकलेला मी एकटाच नाही.

माझं तसंच चाललंय. साडेआठला चिरंजीव आणि सूनबाई कामावर निघतात. चिरंजीव देवापुढे हात जोडतो, मला गोळ्या आणि पाणी कुठे ठेवलंय ते दाखवतो आणि बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप लावतो. लावून तीनदा ओढून बघतो. आठ महिन्यांपूर्वी मी चौकात पडलो, डोक्याला चार टाके पडले, तेव्हापासून हे. टाके मला पडले, पण उसवला तो. मग संध्याकाळी सहापर्यंत मी, भिंतीवरचं घड्याळ आणि समोरच्या गच्चीवर वाळणारे दुसऱ्यांचे कपडे.

आता गुपित, फक्त तुझ्यापुरतं. ज्या माणसानं पंचेचाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडून दिली, त्याला त्याच्या पोरानं असल्या किरकोळ कुलपात कोंडावं! पहिल्या दिवशी हसू आलं, नंतर अपमान वाटला. जाळीतून हात बाहेर काढला, मोडक्या छत्रीची काडी घातली, आणि तुझ्या वर्गातली पोरगी दोनचा पाढा म्हणेल तेवढ्यात काम झालं. तेव्हापासून रोज अकराला निघतो, बाराला परततो, आत आल्यावर जाळीतूनच हात काढून कुलूप दाबून टाकतो. तो तासभर इमारतीच्या मागे, सायकलींच्या पत्र्याखाली, वॉचमनबरोबर बुद्धिबळ खेळतो. तो लबाड आहे. हरायला लागला की त्याला खोकला येतो, आणि खोकताना एखादं प्यादं जागा बदलतं. तुला पत्रही मी त्याच तासात टाकतो. त्या एका तासावर उरलेले तेवीस निघतात.

परवा मात्र घोळ झाला. आम्ही पटावर असतानाच इमारतीच्या पुढच्या बाजूच्या मोटरच्या खोलीतून कुणीतरी पाण्याची मोटर पळवली. सगळ्या इमारतीचे नळ कोरडे. त्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक वॉचमनच्या कमरेला, दुसरी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींनी सगळ्यांना सांगितलं की कुलूप तारेनं उघडलंय, गेटवर वॉचमन नव्हता, म्हणजे तो सामील. पोलिसांनी त्याला विचारलं की कुठे होतास, तर म्हणाला, झोपलो होतो. अगं, झोपला कुठला! माझा घोडा मारत होता. माझ्या मुलाला कळलं तर माझं संपलं, असं मी त्याला एकदा म्हटलं होतं. त्या शब्दापायी तो कोठडीत बसलाय.

मी खरं सांगितलं तर तो सुटेल. पण मग चिरंजीव असलं कुलूप आणेल की ज्याला किल्लीचं भोकच नसतं, आकडे दाबायचे असतात. तिथे माझी काडी काय करणार? अक्का, मी अठ्ठ्याहत्तरचा. असे तास किती उरलेत ते देवाला ठाऊक. काय करू?

पाय जप, उत्तर लवकर धाड आणि तोवर तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
खुडबुड्या

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते आत्ताच द्यावेत की पत्राच्या शेवटी, यावर विचार चालू आहे.

काय करू असं तू मला विचारलंस, याचाच मला राग आला. सात वर्षांचा असताना शेजारणीच्या पेटीचं कुलूप तू उघडलंस आणि मार मी खाल्ला. तेव्हाही तू पलंगाखाली बसून असाच विचार करत होतास. विचार संपेपर्यंत माझी पाठ सुजली होती. मी बहीण होते म्हणून गप्प बसले. तो वॉचमन तुझा कोण लागतो?

तू कोंडलेला आहेस हे कबूल. मीही चार उशांवर पाय ठेवून छताच्या भेगा मोजतेय, मला सांगू नकोस. पण तुझ्या कोठडीत पंखा आहे, चहा आहे. त्याच्या कोठडीत फक्त तुझं गुपित आहे.

आता चोराचं बघू. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत काढली. कंपासपेट्या गेल्या, डबे गेले, एकदा तर शाळेची घंटा गेली. चोर शोधताना मी रडणाऱ्या मुलीकडे कधी पाहिलं नाही. सगळ्यांची समजूत घालत फिरणारी जी असे, तिला आधी बाजूला घेई. तुमच्याकडे सध्या कोण समजूत घालत फिरतंय? आणि कुलूप तारेनं उघडलं हे त्या सेक्रेटरींना कळलं कसं? पोट त्या विद्येवर तुझं भरलं, त्यांचं नाही. तू स्वतः ते कुलूप पाहिलंस का? नाही ना! पंचेचाळीस वर्षं वाया गेली म्हणायची.

ऊठ आणि जा. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ. पडलास तर प्लॅस्टरसकट येऊन कान पिळीन.

राखून ठेवलेले आशीर्वाद सोबत पाठवते. ते वापर.

तुझी,
अक्का

*

ता. १३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. कान शाबूत आहेत.

काल तुझं पत्र वाचलं, शर्ट बदलला आणि काडी घेऊन निघालो. चौकात मात्र दहा मिनिटं नुसता उभा होतो. गाड्या थांबेनात आणि पाय हलेनात. पोराची भीती तेव्हा मला पहिल्यांदा पटली. शेवटी एका बाईंनी काही न विचारता हात धरला आणि पलीकडे नेऊन सोडलं.

ठाण्यातले साहेब सगळं ऐकून हसायला लागले. म्हणाले, आजोबा, त्या वेळी तुम्ही कोंडलेलेही होता आणि बाहेरही होता, हे जमवलंत कसं? मग त्यांनी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं. त्याची किल्ली दोन वर्षांपूर्वी हरवली होती. मी खुर्ची ओढून बसलो. त्यांचा चहा यायच्या आत कपाट उघडलं. आत त्यांचा रेनकोट होता, आणि एक बॅटरी. ती बॅटरी हवालदारानं ढापली असं समजून साहेबांनी त्याच्याशी दीड वर्ष अबोला धरला होता. तो हवालदार तिथेच उभा होता. कुणी कुणाकडे बघेना. चहा मात्र मला हवालदारानं दोनदा दिला.

मग मी मोटरच्या खोलीचं कुलूप मागून घेतलं आणि खोलून भिंगाखाली धरलं. हात कितीही हलका असला तरी तार आत ओरखडे पाडतेच. यात एकही नव्हता. कुलूप किल्लीनंच उघडलेलं. एक किल्ली तर तो सगळा तास माझ्या डोळ्यांसमोर होती, कारण हरायला लागलो की मी वॉचमनच्या कमरेकडेच बघत बसतो. राहिली दुसरी. आणि अक्का, टँकर मागवणारे, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून धीर देणारे, आमचे सेक्रेटरीच ना! संध्याकाळी मोटर सापडली, त्यांच्या नव्या घराच्या विहिरीवर. मोटरवरचं आमच्या इमारतीचं नाव त्यांनी अर्धंच खरवडलं होतं.

वॉचमन सुटला. आभार राहिले बाजूला, खोकल्याचं पोलिसांना कशाला सांगितलंत म्हणून माझ्यावरच फुगलाय.

पण साहेबांनी मला घरी न्यायला चिरंजीवाला बोलावलं. दारात कडीला लटकणारं कुलूप त्यानं हातात घेतलं आणि विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. मग परत का लावत होतात, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं की संध्याकाळी आलास की तू आधी कुलूप बघतोस, आणि ते लागलेलं दिसलं की तुझा चेहरा सैल होतो. दिवसभर राबून आलेल्या पोराला तेवढं तरी मिळावं. तो आत गेला आणि देवासमोर बराच वेळ बसून राहिला.

रविवारी सुट्टी आहे. बहुतेक नवं कुलूप आणायला जाईल. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकतोय, पुढचं कोण टाकेल सांगता येत नाही. पत्र आलं नाही तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
खुडबुड्या

*

रविवार, ता. १५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
तुझ्या भाच्याचा सा. न.

बाबांचं पत्र पोचलंच असेल. मी नवं कुलूप आणलं नाही. गुरुवारी देवासमोर बसलो तेव्हा रागानंच बसलो होतो. मग वाटलं, बाबांना सांभाळ असं मी रोज सकाळी देवाला सांगतो आणि लगेच बाहेर येऊन कुलूप ओढून बघतो. देवाला काय वाटत असेल? आज सकाळी दोन्ही किल्ल्या बाबांच्या हातावर ठेवल्या. वाटेल तेव्हा जा, फक्त चौक ओलांडू नका, म्हटलं. किल्ल्या खिशात टाकून त्यांनी वरून दोनदा चाचपल्या.

ही तिच्या बहिणीकडे गेली आहे. मी अंघोळीला गेलो तेव्हा बाबा पटावर निघून गेले आणि जाताना जाळीला कुलूप लावून गेले. विसरून की मुद्दाम, ते मी विचारणार नाही. तर आत्या, हे पत्र मी कोंडलेल्या अवस्थेत लिहितोय.

आधी हसलो. मग बाबांची काडी शोधून जाळीतून हात घातला. ती आत मोडली. आता खरी किल्लीही त्यात जाणार नाही. शेजाऱ्यांना हाक मारावी तर काय सांगू? पन्नाशीचा माणूस वडिलांनी कोंडून ठेवलाय, सोडवा? पेपर दोनदा वाचला. समोरच्या गच्चीवर एक निळी चादर आहे, तिला चार चिमटे लावलेत. ही चादर मी इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती.

बारा वाजून गेले. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून जाळीशी जातो. तीनदा गेलो, तिन्ही वेळा दुसऱ्याच मजल्यावरचं कुणीतरी निघालं. रोज संध्याकाळी मी जिना चढून येईपर्यंत बाबा जाळीशी येऊन उभेच असायचे. मला वाटायचं, या वयातही यांना ऐकू किती चांगलं येतं.

पुन्हा पाऊल वाजतंय. उठतो. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
भाचा