चेला नव्हे, चेलो

मी वामन तुळशीराम सोमकुवर, वय अठ्ठावीस, शिक्षण सहावी नापास, मूळ राहणार सौंसर, सध्या मुक्काम उट्रेक्ट, देश हॉलंड, हे मृत्युपत्र सकाळी चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. तब्येत ठणठणीत आहे, म्हणून हे मी जिवंत असतानाच वाचावे.

माझे वडील तुळशीराम, सौंसर तहसीलचे चपराशी, चार वर्षांपासून माझी पत्रं न उघडता फाडून राहिले. पण स्टॅम्प पेपर त्यांनी जन्मात फाडला नाही. हा पेपर मित्र विजयने पांढुर्ण्याहून मला पाठवला आहे, लिहून झाला की त्याच्याच हाती उघडा घरी पोचेल.

कलम १. माझी सायकल विजयकडेच आहे, ती त्याचीच. घंटी मात्र त्याने न विचारता कोणाला देऊन टाकली, ते मी विसरलो नाही.

कलम २. दोन स्वेटर, लोखंडी पेटी आणि रेडिओ बहीण मीनाला. घरची खबर तीच लिहिते. चार वर्षं बाबा का रुसले, हे तिने आता कुठे कळवले. ब्याऐंशी साली मी कार्ड टाकलं होतं, "मी चेलो घेऊन गावोगाव फिरतो." लिहिताना ल वरची मात्रा राहिली, नुसता काना उरला. घरी वाचलं, "चेला घेऊन गावोगाव फिरतो."

बाबा म्हणाले, "आपन बौद्ध मानसं, अन् हा बुवा होऊन राह्यला? वर चेलाबी ठेवला?"

माय म्हणाली, "पोट तं भरत असंन ना त्याचं?"

शेजारच्या पंचफुला आत्याने तर माझ्याकडून अंगारा मागवला. तिला या मृत्युपत्रात काही नाही.

कलम ३. खुलासा. चेलो हे वाद्य आहे. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं, सारंगीचा थोरला भाऊ समजा. मुंबईत वाद्यांच्या दुकानात पॉलिश करायचो, तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं. इकडची मंडळी मुंबईला वाजवायला आली, त्यांनी मला सोबत उचललं. आम्ही तीनशे वर्षांपूर्वीचं वाजवतो, नाही तर परवा लिहिलेलं. मधल्या काळाशी आमचं जमत नाही. जुन्याला आतड्याच्या तारा लागतात, हवा ओली झाली की उतरतात. नव्यात एकदा पाऊण तास एकच सूर धरला आणि शेवटी लाकडावर टिचकी मारली. लोक उभे राहून टाळ्या वाजवून राहिले. मलाच नवल वाटलं.

कलम ४. चेलो आणि गज वडिलांना. पण माझ्यामागे तो मुकाच राहील, वाजवणारा घरात दुसरा कोणी नाही. म्हणून वैशाख पौर्णिमेची रजा मी मागून ठेवली आहे. विहारासमोर वाजवीन. बाबांनी पहिल्या रांगेत बसावं, आवडलं नाही तर उठून जावं.

कलम ५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक माझे वडील. त्यांनी खाली "ये" किंवा "येऊ नको" यातलं एक स्वतःच्या हाताने लिहून कागद परत पाठवावा. काही लिहिलं नाही तर मी तिकीट काढणार नाही.

साक्षीदार: छाया गजभिये, नर्स, मूळ नागपूर (सही)
वसंत रामटेके, हॉटेलातला आचारी (सही)

लिहून देणार: वामन तु. सोमकुवर (सही)
उट्रेक्ट, २ फेब्रुवारी १९८६

व्यवस्थापकाने इथे लिहावे: ____________