काचेवरचं कुंकू

नाशिक, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८३

सुट्टीनंतर आज कारखान्यातला बॉयलर चालू होईना. बर्नर पेटायचा, लगेच विझायचा. तेल फवारणाऱ्या नॉझलमध्ये कचरा असणार म्हणून मी बॉयलर चालवणाऱ्या इस्माईलभाईंना सगळ्यांसमोर झापलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा उघडून धुतलं. शेवटी मी फोटोसेल काढला. त्याला ज्योत दिसली नाही की तो तेल बंद करतो. त्याच्या काचेवर कुंकू. खंडेनवमीला तो काढून पूजेत ठेवला, तेव्हा मीच लावलेलं. काचेवर कशाला लावलं मी?

गुपचूप रुमालाने पुसलं. बॉयलर सुरू झाला. तेव्हाच का बोललो नाही?

निघताना इस्माईलभाई म्हणाले, "साहेब, मीच नॉझल नीट साफ केलं नसेल. माफ करा."

कुंकवाचा रुमाल खिशात होता. मी म्हणालो, "जाऊ द्या. पुढच्या वेळी लक्ष ठेवा."