ताईच्या चित्रांना आलेलं उत्तर

प्रिय ताई,

हे पत्र पाठवायचं धाडस मला होणार नाही, हे ठाऊक असूनही लिहितोय.

बाबांच्या बंद पडलेल्या शिवणकामाच्या दुकानात आपण दोघांनी गेम बनवायला सुरुवात केली, तेव्हा कापड बेतायच्या टेबलावर आपला जुना कॉम्प्युटर असायचा. प्रोग्रॅम मी लिहायचो, चित्रं तू काढायचीस. आई म्हणायची, "दोघंही एका माळेचे मणी!" दीपस्तंभ सांभाळणाऱ्या म्हातारीचा आपला पहिला गेम दोन वर्षं खपून आपण एका गेम कंपनीच्या स्पर्धेला पाठवला. पुढे रोज तुझं एकच, "काय रे, आलं का उत्तर?" शेवटी मी सांगितलं, "नाही आवडला त्यांना."

ते खोटं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की गेम जागोजागी अडखळतो, पण चित्रं अप्रतिम आहेत. चित्रकार आमच्याकडे नोकरीला येईल का, असंही विचारलं होतं. तू गेलीस तर मी एकटा पडेन, या भीतीने मी ती मेल पुसून टाकली.

महिन्याभरात तू रंग कुणाला तरी देऊन टाकलेस आणि विमा कंपनीत नोकरी धरलीस. एकटा तर मी पडलोच. गेम अजून बनवतो, पण त्यात नुसते चौकोन धावतात. माणसं मला काढता येत नाहीत.

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "बरं झालं बाबा, मला काही येत नाही हे वेळेवर कळलं."

मी "हं" म्हणालो आणि जेवलीस का, ते विचारलं.

तुझा,
धाकटा